इटलीचा फुटबॉलपटू फ्रँको बारेसी इतका मोठा बचावपटू का मानला जातो?

माझ्या मते दोन कारणं: खेळाची समज आणि निष्ठा.

बारेसीची उंची मोठी नव्हती. लहानपणी इंटर क्लबने त्याला नाकारलं, मिलान क्लबने घेतलं. 1978 मध्ये पहिला सामना, 1997 मध्ये निवृत्ती, आणि मधली सगळी वर्षं एकच क्लब. 1980 मध्ये सट्टेबाजी प्रकरणामुळे मिलानला दुसऱ्या श्रेणीत ढकललं गेलं, 1982 मध्ये खराब खेळामुळे पुन्हा तेच झालं. तरी हा गडी हलला नाही. एकूण सहा लीग विजेतेपदं आली, युरोपियन कपही आले. त्याची 6 नंबरची जर्सी क्लबने कायमची निवृत्त केली.

सॅकी प्रशिक्षक असताना मिलानची बचावफळी एका ओळीत पुढे सरकायची आणि समोरचा स्ट्रायकर ऑफसाइड (पास दिला जाताना बचावफळीच्या पलीकडे, म्हणजे नियमबाह्य जागी) सापडायचा. कधी पुढे सरकायचं, हे बारेसी ठरवायचा. चेंडू कुठे येणार हे त्याला आधीच कळायचं, म्हणून वेग कमी पडला तरी बिघडत नसे.

पण त्याचं मोठेपण समजून घ्यायचं तर 1994 चा विश्वचषक बघा. नॉर्वेविरुद्ध गुडघ्याला दुखापत, लगेच शस्त्रक्रिया, आणि चोवीस दिवसांनी थेट अंतिम सामना! वय 34, पॅसाडीनाचं ऊन, समोर रोमारियो आणि बेबेटो. 120 मिनिटं ब्राझीलला एकही गोल करता आला नाही. शूटआउटमध्ये बारेसीची पेनल्टी बारवरून गेली, इटली हरली, हे सगळ्यांना आठवतं. त्याआधीचे दोन तास मात्र मी पाहिलेल्या बचावातले सर्वोत्तम आहेत. पूर्ण सामना मिळाला तर नक्की बघा.