पट्टी पिवळी आली, आता स्टेरॉइड थांबवू का?

थांबवू नका. हे आधी लिहिते, कारण बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल, पण उद्या सकाळचा डोस चुकायला नको.

तुम्ही लिहिलंय की ४ वर्षांच्या मुलाला नेफ्रोटिक सिंड्रोम (किडनीतून लघवीवाटे प्रथिन गळण्याचा आजार) निघाला, प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू होऊन १२ दिवस झाले, सूज उतरली आणि लघवीतलं प्रथिन दाखवणारी पट्टी ३ दिवस पिवळीच, म्हणजे निरंक, राहिली. चेहरा मात्र गोल व्हायला लागलाय, भूक आवरत नाही, चिडचिड वाढलीय, म्हणून घरचे म्हणताहेत की आता पुरे. ११ वर्षांपूर्वी आमच्या घरातही शब्दन् शब्द हेच बोलणं झालं होतं. मुलगा तेव्हा साडेतीन वर्षांचा होता. त्याआधीचे दोन आठवडे आम्ही अ‍ॅलर्जी समजून त्याच्या डोळ्यांत थेंब घालत होतो! सकाळी पापण्या सुजायच्या, दुपारपर्यंत उतरायच्या, मग शंका तरी कशी यावी? पायांवर मोज्याचा वळ उमटून राहायला लागला तेव्हा कुठे लघवी तपासली.

सलग ३ दिवस प्रथिन निरंक येणं याला डॉक्टर रेमिशन म्हणतात. त्याचा अर्थ औषध लागू पडतंय, एवढाच. आजार गेला असा नाही. पहिल्या वेळचा कोर्स साधारण ४ ते ६ आठवडे रोज आणि पुढे तितकेच आठवडे एक दिवसाआड, कमी डोसने असतो. तो अर्धवट सोडला की सूज लवकर परतायची भीती असते. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की किडनीच्या वर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी स्वतःचं काम मंदावतात. गोळी एकदम बंद केली आणि नेमका ताप किंवा उलट्या सुरू झाल्या, तर शरीराला लागणारं स्टेरॉइड आतून मिळत नाही आणि मूल कोसळू शकतं. म्हणून गोळी उलटून पडली तरी डॉक्टरांना फोन करून विचारा.

सासूबाईंना डायलिसिसची धास्ती आहे म्हणालात. त्यांना असं सांगून बघा: किडनीच्या गाळणीची वीण सैल झालीय, गाळणी बंद पडलेली नाही. रक्तातलं अल्ब्युमिन लघवीतून गळतं, ते कमी झालं की पाणी अंगात साठतं आणि सूज येते. या वयातल्या बहुतेक मुलांची गाळणी साध्या सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ नेहमीसारखीच दिसते, आणि दहातल्या आठ-नऊ मुलांना स्टेरॉइड लागू पडतं. म्हणूनच १ ते १२ वर्षांच्या मुलात लक्षणं नेहमीची असतील तर सुरुवातीला बायोप्सी (सुईने किडनीचा बारीक तुकडा काढून तपासणं) करत नाहीत. ४ ते ६ आठवडे रोज गोळी देऊनही प्रथिन थांबलं नाही, तर मात्र तो वेगळा मामला.

आता वही. एक साधी वही घ्या आणि रोज सकाळच्या पहिल्या लघवीची पट्टी, वजन, दिलेला डोस आणि सर्दी-ताप असल्यास तो, एवढं लिहा. मला सुरुवातीला हे कारकुनी काम वाटायचं. पण रिलॅप्स, म्हणजे आजार उलटणं, सूज यायच्या आधी पट्टीवर दिसतो, आणि बहुतेक मुलांना निदान एकदा तरी तो होतोच. आमच्याकडे पाच वेळा झाला, बहुतेकदा सर्दीच्या पाठोपाठ. तापात एखाद्या दिवशी पट्टीवर १+ (थोडं प्रथिन) आलं तर घाबरू नका, रोज बघत राहा. सलग ३ दिवस ३+ (बरंच प्रथिन) किंवा जास्त आलं तर तो रिलॅप्स, त्याच दिवशी कळवा. पहिल्या रिलॅप्सला मी रडले होते, की माझंच काही चुकलं. काही चुकलेलं नसतं. वारंवार व्हायला लागले तर स्टेरॉइड कमी करता यावं म्हणून लेव्हामिसोल, मायकोफेनोलेट अशी औषधं आहेत, आम्हालाही त्यातलं एक लागलं.

पट्टीची वाट न बघता लगेच दवाखाना गाठायचा तो तापासोबत पोट दुखलं, दम लागला, लघवी फार कमी झाली किंवा एकच पाय सुजून दुखायला लागला तर. या आजारात संसर्गाशी लढणारी प्रथिनंही गळतात आणि रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो. न्यूमोकोकल आणि दरवर्षीची फ्लूची लस विचारून घ्या. जिवंत विषाणूंच्या लसी मोठा डोस चालू असताना देत नाहीत. वर्गात कुणाला कांजिण्या झाल्याचं कळलं तर फोड यायची वाट न बघता त्याच दिवशी फोन करा.

खाण्याचं थोडक्यात: सूज असेपर्यंत मीठ कमी, प्रथिनं वयाला हवीत तेवढीच. गळती भरून काढायला प्रथिनांची पावडर कुणी सुचवेल, तिचा उपयोग नाही. पाणी स्वतःच्या मनाने तोडू नका.

मुलगा आता चौदा वर्षांचा आहे. शेवटचा रिलॅप्स बाराव्या वर्षी झाला, तेव्हा गोल चेहऱ्याला मुलं हसतात म्हणून पठ्ठ्या गोळ्या उशीखाली लपवत होता. वहीतल्या आकड्यांवरून पकडला गेला. तुमचा अजून लहान आहे, ती कटकट पुढची.

शाळेचं विचारलंत. सूज नाही, ताप नाही, तर पाठवा. आणि पुढच्या भेटीत एक दिवसाआडचा डोस कोणत्या तारखेपासून आणि किती मिलिग्रॅम, ते डॉक्टरांकडून त्याच वहीत लिहून घ्या.