क्लच पूर्ण दाबल्यावर किरकिर आणि रिव्हर्स टाकताना खर्रर्र: पायलट बेअरिंग गेलंय का?

तुमची जुनी डिझेल जीप, परभणी-जिंतूर रस्त्यावर काळी-पिवळी म्हणून पळणारी. क्लच दाबून उभं राहिलं की खालून किरकिर येते, रिव्हर्स टाकताना दात घासतात, आणि मिस्त्री म्हणतो, "गिअरबॉक्स उतरवून नुसतं क्लच बेअरिंग टाकून बघू."

त्या 'नुसतं'ला मी एकदा फसलोय. क्लच बेअरिंग बदललं, गाडी जोडली, स्टार्ट केली आणि पोरगा म्हणाला, "उस्ताद, आणखी तशीच ओरडायलीय की." पंधरा दिवसांत तोच गिअरबॉक्स दुसऱ्यांदा खाली. बेअरिंग काही शे रुपयांचं, मजुरी मात्र दोनदा.

पायलट बेअरिंग बसतं क्रँकशाफ्टच्या (इंजिनच्या फिरत्या दांड्याच्या) टोकाला, फ्लायव्हीलच्या, म्हणजे त्याला जोडलेल्या जड चाकाच्या, मधोमध. गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं नाक त्यात टेकलेलं असतं. पाय क्लचवर नसताना क्रँक आणि शाफ्ट एकाच वेगाने फिरतात, म्हणजे बेअरिंगला काहीच काम नाही. क्लच दाबला की क्रँक फिरत राहते, शाफ्ट थांबतो, आणि तेव्हाच बेअरिंगचे छर्रे फिरू लागतात. ओळखायची सगळी गोम इथंच आहे.

जीप सपाट जागेवर लावा, हँडब्रेक ओढा, चाकांना दगड द्या, पुढं-मागं कुणी उभं राहू देऊ नका. इंजिन चालू, न्यूट्रल, पाय बाजूला. आता आवाज येतोय आणि क्लच दाबला की बंद होतोय, तर दोष गिअरबॉक्सच्या आतल्या इनपुट बेअरिंगचा. पेडलवर पाय हलका टेकवताच आवाज सुरू झाला तर क्लच बेअरिंग, म्हणजेच रिलीज बेअरिंग. आता क्लच पूर्ण दाबा, आधी न्यूट्रलमध्ये ऐका, मग पाय न उचलता पहिला गिअर टाका. उभ्या चाकांनी शाफ्ट जखडला जातो आणि पायलट बेअरिंगला इंजिनच्या पूर्ण वेगाने फिरावं लागतं. इथं किरकिर वाढली की संशय पायलटवर. न्यूट्रलमध्ये आणि गिअरमध्ये आवाज सारखाच राहिला तर आधी संशय क्लच बेअरिंगवर.

रिव्हर्सचं म्हणाल तर बेअरिंग आवळत आलं की ते शाफ्टला ओढत नेतं. क्लच दाबूनही शाफ्ट थांबत नाही म्हणून दात घासतात. पण क्लच नीट सुटत नसला तरीही हेच होतं. म्हणून खोलण्याआधी पेडलचा प्ले (सुरुवातीचा मोकळा खेळ) बघा, हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा क्लच असेल तर क्लचचा खालचा सिलिंडर ओला आहे का बघा. पेडल दोन-तीनदा मारल्यावर गिअर गुमान पडत असेल तर गिअरबॉक्सला हात लावू नका, दोष तेलाच्या नळीत शिरलेल्या हवेचा किंवा सिलिंडरचा आहे.

(वाचणाऱ्यांपैकी कुणाकडे पुढच्या चाकांवर चालणारी छोटी कार असेल तर बहुतेक गाड्यांत हे बेअरिंग नसतंच. मिस्त्रीने त्याचं बिल लावलं तर दाखव म्हणा.)

आता काम. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घ्या, नुसत्या जॅकवर खाली शिरू नका. प्रोपेलर शाफ्ट, गिअरबॉक्स, प्रेशर प्लेट, क्लच प्लेट या क्रमाने उतरवा. आतली धूळ तोंडाने किंवा हवेच्या नळीने उडवू नका, जुन्या प्लेटांत ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसा.

बेअरिंग ओढायला आतून पकडणारा पुलर मिळाला तर उत्तम. नसेल तर भोकात घट्ट बसेल असा दांडा घ्या, बेअरिंगच्या मागची पोकळी ग्रीसने भरा आणि दांड्यावर हातोडी मारा. ग्रीस मागून रेटतं आणि बेअरिंग बाहेर येतं. छर्ऱ्यांच्या फटीतून ग्रीस निसटायला लागलं तर ओल्या वर्तमानपत्राचे बोळे भरा. माझ्या उस्तादाने एकदा डब्यातला भिजवलेला पाव कोंबला होता. बेअरिंग निघालं, आम्ही उपाशी राहिलो.

नवं घेताना जुन्यावरचा नंबर वाचा. ६२०२ असेल तर भोक १५, बाहेरचा व्यास ३५ मिलिमीटर. ६२०३ असेल तर १७ आणि ४०. दोन्ही बाजूंनी रबर सील असलेलं घ्या. काही इंजिनांत छर्ऱ्यांऐवजी पितळी बुश असतो. तो इंजिन ऑइलमध्ये भिजवून बसवतात, ग्रीस लावत नाहीत. नवं बेअरिंग तासभर फ्रीझरमध्ये ठेवा, मग बाहेरच्या रिंगएवढी गोटी (पान्याचं सॉकेट) लावून सरळ ठोका. आतल्या रिंगवर मार बसला की नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून जुनं.

शाफ्टचं नाकही बोटाने चाचपा. खाच पडली असेल किंवा निळं झालं असेल तर त्यावर नवं बेअरिंग टिकणार नाही. गिअरबॉक्स खाली आहेच तर क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग आणि क्रँकचं मागचं ऑइल सील ओलं असेल तर तेही बदला. प्लेट मधोमध बसवायला जुना इनपुट शाफ्ट भंगारात मिळतो, नाहीतर लेथवाला लाकडी दांडा काढून देतो.

चढवताना गिअरबॉक्स शाफ्टवर लोंबकळू देऊ नका, आणि राहिलेली फट बोल्ट आवळून ओढू नका. बेल हाउसिंगच्या (क्लचवरच्या घंटेसारख्या कवचाच्या) डॉवेल पिना, म्हणजे गिअरबॉक्स नेमका जागेवर बसवणाऱ्या खुंट्या, जागेवर आहेत ना, हेही बघा. त्या हरवल्या की गिअरबॉक्स केसभर तिरका बसतो आणि नवं बेअरिंग काही महिन्यांत जातं.

आणि स्टँडवर पॅसेंजर भरेपर्यंत पहिला गिअर टाकून क्लच दाबून बसायची सवय असेल तर न्यूट्रल करा. गाळपाच्या दिवसांत कारखान्याच्या गेटवर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागते, तिथं निम्मे ड्रायव्हर तसेच बसलेले दिसतात. हंगाम संपला की त्यातले काही माझ्याकडे येतात.