आज्जीच्या ताटातलं प्रोटीन

मनू,

परवा तू शाळेतला तो रंगीत ताटाचा कागद आणलास, त्यावर आज्जीचं जेवण मांडून बघितलंस आणि विचारलंस, "बाबा, भाकरी आणि चटणी, मग यात प्रोटीन कुठंय? तुम्ही पुअर होता का?" प्रश्न जरा टोचला. तू वाईट अर्थानं विचारलं नव्हतंस हे माहितीये मला, म्हणूनच निवांत लिहितोय. कंटाळा आला तर अर्ध्यात सोड.

पैसे कमीच होते. आप्पा सूतगिरणीत पाळीवर जायचे, साखर पेठेतलं दोन खोल्यांचं घर. पण ज्वारी मंगळवेढ्याची, मालदांडी, त्यात तडजोड नाही. आज्जी परातीत पीठ घ्यायची, त्यात उकळतं पाणी ओतायची आणि मग अंगातला सगळा जोर लावून मळायची, कारण ज्वारीत ग्लुटेन नसतं, गव्हासारखं ते पीठ आपलं आपण धरून राहत नाही, मळण्यात कसूर झाली की थापताना कडा चिरल्याच. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात, उलटायची, आणि मग पापुद्रा सुटून टम्म फुगायची. उरलेल्या चुलीच्या कडेला उभ्या करून कडक व्हायच्या. शेंगा भाजून लसूण, तिखट, जिरं, मीठ घालून उखळात तेल सुटेपर्यंत कुटायच्या, मिक्सरमधे त्याचा नुसता भुगा होतो, ती चटणी नव्हे.

आता तुझं प्रोटीन. शेंगदाण्यात 100 ग्रॅममागे साधारण 25 ग्रॅम असतं, ज्वारीत 10 च्या आसपास. म्हणजे आहे की ताटात! फक्त एक अडचण आहे. प्रोटीन ज्यांचं बनतं त्या अमिनो आम्लांपैकी 9 शरीराला बनवता येत नाहीत, ती खाण्यातूनच यावी लागतात, आणि त्यातलं लायसिन ज्वारीत कमी पडतं, शेंगदाण्यातही फार नाही. ते भरून काढते तुरीची आमटी, मटकी, हरभरा. डाळीत मेथिओनिन हे दुसरं अमिनो आम्ल कमी, ते ज्वारी देते. दोन्ही एकाच घासात पाहिजेत असंही नाही, दिवसभरात पोटात गेलं की झालं. चटणी-भाकरी ही आमची मधल्या वेळची, संध्याकाळी आमटी असायचीच, ती तुझ्या कागदावर यायची राहिली.

पण आज्जीला लायसिन माहीत होतं का, तर नाही. परवडेल ते आणि सासूनं शिकवलं ते ती करायची. पूर्वजांना सगळं विज्ञान आधीच ठाऊक होतं असले फॉरवर्ड येतात ना, तसलं काही मी तुला सांगणार नाही, कारण त्या ताटात उणिवाही होत्या. बी 12 भाकरीतही नाही, चटणीतही नाही, दूध-दह्यातून येईल तेवढंच. ज्वारीतलं लोह अंगी कमी लागतं, लिंबू पिळलं तर जास्त लागतं, आणि आमच्याकडं तर जेवण झालं की लगेच चहा, जो ते शोषणं आणखी कमी करतो.

तू टोस्टला मार्माईट, ते यीस्टच्या अर्काचं खारट चाटण, लावून खातेस ना, त्याची एक गोष्ट आहे. 1928 मध्ये लुसी विल्स नावाची इंग्लिश डॉक्टर मुंबईत आली. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांना एक विशिष्ट प्रकारचा अ‍ॅनिमिया होत होता. खाण्यात काहीतरी कमी पडतंय असा तिला संशय, आणि मार्माईट दिल्यावर त्या बायका सुधारल्या. 1931 ला तिनं ते प्रसिद्ध केलं. तो घटक म्हणजे फोलेट, एक बी जीवनसत्त्व, पालेभाजीत असतो, हरभऱ्यात असतो, आपल्या शेंगांतही असतो.

हे वाचल्यापासून माझं मन आप्पांच्या ताटापेक्षा आज्जीच्या ताटाकडं जास्त जातं. सगळ्यांना वाढून ती शेवटी बसायची. आमटी किती उरायची, भाजी उरायची की नाही, मला खरंच सांगता येत नाही, आम्ही तोवर गल्लीत खेळायला पळालेलो असायचो. आमच्यात हीच रीत, असं मोठी माणसं म्हणायची आणि ही रीत मला तुला समजावून सांगता येत नाही, सांगावीशी वाटतही नाही.

भाकरी आवडायलाच पाहिजे असं काही नाही, तू तुझं मार्माईट खा. फक्त रविवारी फोनवर आज्जीलाच विचार, ती स्वतः काय जेवायची ते. माझ्यासमोर ती "सगळं असायचं की रे" म्हणून विषय बदलते, तुला सांगेल बहुतेक.

बाबा