पोकरमध्ये एकाच पातळीवर अडकलो आहे. ‘कम्फर्ट झोन सोड, वरच्या स्टेकला (जास्त रकमेच्या टेबलावर) जा’ असं सगळे सांगतात. जावं का? आणि आयुष्यातही हाच नियम लागतो का?

नका जाऊ. निदान या कारणासाठी तरी नका जाऊ.

‘वरच्या स्टेकला जा, आपोआप शिकशील’ म्हणणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे, त्यामुळे उत्तर लांबणार. पाण्यात ढकललं की माणूस पोहायला लागतो अशी त्यांची समजूत. टेबलावर घडतं उलटंच. रक्कम दुप्पट झाली की माणूस नवीन काही करून बघत नाही, सगळ्यात जुनी सवय धरून बसतो. खालच्या स्टेकला रिव्हरवर (पाचव्या, शेवटच्या खुल्या पत्त्यावर) ब्लफ (हात नसताना बेट लावणं) करायला कचरणारा वरच्या स्टेकला टर्नवरच (चौथ्या पत्त्यावर) पत्ते टाकून मोकळा होतो. स्टेक बदलला, झोन तोच राहिला. खरं तर आणखी घट्ट झाला.

कम्फर्ट झोन निर्णयात असतो. पुढचा अवघड प्रश्न समोर येऊच नये म्हणून आपण आधीच्या स्ट्रीटवर (पत्ते उघडण्याच्या टप्प्यावर) जे उरकून टाकतो, तो तुमचा झोन. टॉप पेअर (खुल्या पत्त्यांतल्या सगळ्यात मोठ्या पत्त्याची जोडी) असताना रिव्हरला गुपचूप चेक करणं (पैसे न लावता पुढे जाणं), कारण बेट लावली आणि रेज (वाढवलेली बेट) आली तर काय करायचं ते माहीत नाही. चांगला ड्रॉ (एखाद्या पत्त्याने पुरा होणारा हात) असूनही फ्लॉपवर (पहिल्या तीन खुल्या पत्त्यांवर) नुसता कॉल (समोरच्याएवढीच रक्कम भरणं). बिग ब्लाइंडमधून (सक्तीची मोठी बेट भरणाऱ्या जागेवरून) २७ टक्के इक्विटी (पॉटमधला, म्हणजे जमलेल्या रकमेतला, अपेक्षित वाटा) पुरेशी असताना फोल्ड (पत्ते टाकणं), कारण पोझिशन (समोरच्यानंतर खेळायची सोय) नसताना तीन स्ट्रीट खेळायच्या जिवावर येतं. आणि एक गोष्ट कुणी बोलत नाही: बेधडक खेळणाऱ्यालाही झोन असतोच. त्याला चिप्स पुढे ढकलणं सोपं जातं. चेक करून, हरतोय हे मान्य करून पत्ते टाकणं त्याला जमत नाही.

एक डाव घेऊ, म्हणजे नेमकं कळेल. दोघांकडे १०० बिग ब्लाइंड (पुढच्या सगळ्या रकमा याच मापात). बटणवाला (फ्लॉपनंतर शेवटी खेळणारा) २.५ला ओपन करतो (पहिली बेट लावतो), स्मॉल ब्लाइंड (सक्तीची लहान बेट भरणारा) फोल्ड, तुम्ही बिग ब्लाइंडमध्ये किलवरचा गुलाम आणि नव्वी घेऊन बसला आहात. कॉल १.५चा, पॉट होतो ५.५. फ्लॉप: इस्पिक बादशहा, किलवर अठ्ठी, किलवर तिर्री. तुमचा चेक, त्याची २ची बेट. तुम्ही ८ला रेज करता, तो कॉल करतो. पॉट २१.५. टर्नला चौकट राणी. आता फ्लश (एकाच चिन्हाचे पाच पत्ते) पुरा करणारे नऊ पत्ते, शिवाय सरळ क्रम पुरा करणाऱ्या तीन दश्श्या (किलवरची दश्शी आधीच मोजली), म्हणजे ४६पैकी १२, साधारण २६ टक्के. तुम्ही १४ लावता, कॉल. पॉट ४९.५, मागे ७५.५ शिल्लक. रिव्हरला बदाम दुर्री. हातात काहीच नाही.

भित्रा खेळाडू इथे चेक करून सोडून देतो. बेधडकवाला म्हणतो, ‘फ्लश चुकला, आता ब्लफच करायचा.’ दोघंही न विचार करता बोलतायत.

विचार असा. दोन तृतीयांश पॉट म्हणजे ३३ची बेट. ती ८२.५पैकी ३३ वेळा, म्हणजे ४० टक्के वेळा समोरचा फोल्ड झाला की बरोबरीत सुटते, त्याच्या वर नफा. तो कोणत्या हातांनी फोल्ड करेल? मुख्यतः त्याच्याही चुकलेल्या फ्लशांनी. पण तुमच्या हातात दोन किलवर आहेत. बोर्डावरचे दोन सोडून किलवरचे अकरा पत्ते उरतात, त्यांच्या जोड्या ५५. तुमचे दोन वजा केले की नऊ पत्ते, जोड्या ३६. म्हणजे जे हात फोल्ड व्हायला हवे होते तेच तुम्ही अडवून बसला आहात. दुसऱ्या बाजूला तुमचा गुलाम त्याच्या बादशहा-गुलामाच्या १२ जोड्या ९वर आणतो, आणि तो हात कॉल करणारा आहे. एक गोष्ट बाजूने, एक विरोधात. याच बोर्डावर इस्पिकचा गुलाम-दश्शी हा ब्लफला जास्त चांगला हात, कारण तो किलवर अडवत नाही आणि बादशहा-गुलाम, बादशहा-दश्शी दोन्ही कमी करतो. किलवरचा गुलाम-नव्वी काठावरचा. समोरचा बादशहा कधीच न टाकणाऱ्यांपैकी असेल तर चेक करा आणि सोडा. हा विचार तुम्ही त्या वीस सेकंदांत केलात तर झोनच्या बाहेर आहात, मग बटण कोणतंही दाबा.

आता हे अंगात कसं भिनवायचं. ट्रॅकरमध्ये (डावांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये) आलेखाच्या दोन रेघा बघा: निळी शोडाउनची (शेवटी पत्ते दाखवून लागलेल्या निकालांची), लाल शोडाउनविना जिंकल्या-हरल्याची. लाल रेघ उतरणीला लागलेली असेल तर बहुधा तुम्ही लवकर फोल्ड करता. पण नुसत्या रेघेवर जाऊ नका, फिल्टर लावून जागा शोधा. ‘बिग ब्लाइंड विरुद्ध बटण, फ्लॉपवर चेक-कॉल, टर्न चेक-चेक’ इतकी बारीक. मग एकच जागा निवडा. एकच. स्टेक एक पायरी खाली आणा आणि टेबलं निम्मी करा, कारण चार टेबलांवर मेंदू सवयीनेच चालतो. सुमारे २,००० डाव त्या एका निर्णयाकडे लक्ष द्यायचं, बाकी नेहमीसारखं खेळायचं. प्रत्येक बैठकीनंतर तीन डाव निवडा आणि सॉल्व्हर (समतोल खेळाचं गणित करणारा प्रोग्राम) उघडण्याआधी कागदावर लिहा: त्याची रेंज (त्याच्याकडे असू शकणारे सगळे हात) काय, मी काय केलं, का केलं. आधी सॉल्व्हर बघितला की तुमची चूक तुम्हाला कधीच दिसत नाही, सगळं ‘मला माहीतच होतं’ वाटतं. सॉल्व्हरमध्येही टक्केवारीच्या रंगीत चौकटींआधी दोन पर्यायांच्या ईव्हीतला (सरासरी अपेक्षित नफ्यातला) फरक बघा. पॉटच्या एक टक्क्याहून कमी असेल तर तो डाव सोडून पुढे चला.

बिघडतं ते साधारण दोन ठिकाणी. एक म्हणजे निकालावरून निर्णयाची पारख. सिक्स-मॅक्समध्ये (सहा जणांच्या टेबलावर) दर १०० डावांना प्रमाण विचलन (चढउताराचं माप) ९० बिग ब्लाइंडच्या आसपास असतं. १०,००० डावांनंतरही तुमच्या दरातली प्रमाण त्रुटी ९ बिग ब्लाइंड प्रति शंभर उरते. म्हणजे खरा दर ४ असलेला चांगला खेळाडू तेवढ्या डावांत उणे १४ ते अधिक २२मध्ये कुठेही दिसू शकतो. नवी गोष्ट करून आठवडाभर हरलात म्हणून ती चुकीची ठरत नाही, जिंकलात म्हणून बरोबरही नाही. दुसरं, अतिरेक. रिव्हर ब्लफ शिकला की माणूस सगळीकडे ब्लफ करतो. पॉटएवढी बेट असेल तर समतोल खेळात दोन खऱ्या हातांमागे एक ब्लफ पुरतो, अर्ध्या पॉटला तीनामागे एक. आणि खालच्या स्टेकला लोक कमी फोल्ड करतात, तिथे याहूनही कमी.

एकेक भोक बुजवायची ही पद्धत भित्र्यांची आहे म्हणणाऱ्यांसाठी एक उदाहरण. २०१७मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्राटस या प्रोग्रामने चार व्यावसायिक खेळाडूंना हेड्स-अप नो-लिमिटमध्ये (दोघांतच, बेटला वरची मर्यादा नसलेल्या खेळात) १,२०,००० डावांत हरवलं. पॉटच्या कितीतरी पट बेट्स लावायचा म्हणून त्याची चर्चा झाली. पण मला महत्त्वाचं वाटतं ते त्याचं रात्रीचं काम. दिवसा समोरच्यांनी ज्या आकाराच्या बेट्सनी त्याला त्रास दिला, त्यातल्या निवडक जागांचं गणित तो रात्री करून ठेवायचा. सगळी रणनीती एका फटक्यात उलटीपालटी केली नाही.

आता वरच्या स्टेकबद्दल थोडं मागे येतो. एका वेळी जावंच लागतं: तुम्ही निवडलेला निर्णय सध्याच्या टेबलावर समोरचे तुमच्यावर आणतच नाहीत तेव्हा. कुणी थ्री-बेटच (ओपनवर पुन्हा रेज) करत नसेल तर थ्री-बेटविरुद्धचा खेळ शिकणार कुठे? तेव्हा जा, पण किमान ४० बायइन (एका टेबलावर बसायची पूर्ण रक्कम म्हणजे एक बायइन) गाठीशी असताना, त्यातले तीन बाजूला काढून, आणि ते गेले की निमूट खाली. जिथे पैशाने खेळायला कायद्याने मनाई आहे तिथे हा प्रश्नच नाही. सराव सॉल्व्हरवर आणि मित्रांबरोबर चिप्सवर तेवढाच होतो. घरखर्चाच्या पैशाने खेळत असाल तर वरचं सगळं विसरा, आधी ते थांबवा.

आयुष्याचं विचारलंत. पोकरचे धडे आयुष्याला चिकटवणाऱ्या लोकांचा मला कंटाळा आहे, तरी एक गोष्ट लागू पडते: अवघड निर्णय टाळण्यासाठी आपण तिथेही आधीच काहीतरी उरकतो. पगारवाढ मागायची वेळ येऊ नये म्हणून ‘यंदा कंपनीची परिस्थिती बरी नाही’ हे आपणच ठरवून टाकतो. फरक असा की पोकरमध्ये तीच जागा महिन्यात शेकड्यांनी येते, आयुष्यात वर्षातून एकदा. म्हणून नोकरी सोडून बघ, शहर बदलून बघ, हा सल्ला मला वरच्या स्टेकसारखाच वाटतो. नकार मिळाला तर फारसं बिघडणार नाही अशा जागी आधी मागून बघा: कामाची मुदत वाढवून, कोटेशनमध्ये सूट, बैठकीत आपला विरोध स्पष्ट शब्दांत. आणि मोठा निर्णय घेण्याआधी कारणं तारखेसकट लिहून ठेवा. तिथे ट्रॅकर नसतो आणि सहा महिन्यांनी आपली आठवण आपल्याच बाजूने साक्ष देते.

तुम्ही किती टेबलं खेळता ते प्रश्नात नाही. चार किंवा जास्त असतील तर स्टेकचा विचार नंतर, आधी दोन बंद करा.