बाबांना सायकलीचं विचार

मावशी, बाबा फौजेत होते. २००१ साली मी नऊ वर्षांची, आम्ही इस्लामाबादेत. बाबा आपल्या उच्चायुक्तालयात कामाला. फोनवर घरातलं काही बोलायचं नाही, हा तिथला पहिला धडा. डिसेंबरात संसदेवर हल्ला झाला आणि थोड्याच दिवसांत आम्ही वाघ्यावरून परत आलो. सायकल राहिली, शेजारची मैत्रीणही राहिली. आता माझी लेक लहानपणीचं विचारते. नवरा म्हणतो, पाकिस्तानचं नाव काढू नकोस. साताऱ्यात बाबांकडे विषय काढला की ते उठून अंगणात जातात.
ता. क. निघायच्या आधी मी मैत्रिणीला फोनवर सांगितलं होतं, आम्ही जाणार म्हणून. त्याच्यामुळे तर काही झालं नसेल ना?
– फौजीची लेक

बाळा, अख्खं पत्र त्या ता. क.साठीच लिहिलंयस, हो ना?

मग तारखा बघ. हल्ला १३ डिसेंबरला झाला. २१ला भारताने उच्चायुक्तांना परत बोलावलं. २७ला दोन्ही देशांच्या उच्चायुक्तालयांतली माणसं निम्मी करायचं जाहीर झालं. १ जानेवारीपासून बस, रेल्वे, विमानं, सगळं बंद. सीमेवर लाखो जवान उभे होते. यात तुझा फोन कुठे बसतो सांग! इतकी वर्षं हे ओझं वागवलंस. तेव्हाच कुणी समजावलं असतं तर सुटली असतीस. पण ज्या घरात गप्प राहणं हीच शिस्त, तिथे विचारणार कोणाला?

नवऱ्याचं अगदीच चूक नाही. आजच्या हवेत शाळेत, सोसायटीत कोण काय अर्थ काढेल नेम नाही. लेकीला तेवढं सांगून ठेव. पण घरात सांग. 'माझी एक मैत्रीण होती, एक सायकल होती, दोन्ही तिथेच राहिली.' यात देशाविरुद्ध काय आहे? आणि रडू आलं तर येऊ दे तिच्यासमोर, फक्त का ते तिला सांग.

बाबांना मात्र 'तेव्हा नक्की काय झालं' असं विचारू नकोस. फौजी माणूस त्याला उत्तर देत नाही, आणि काही गोष्टी सांगायची त्यांना आजही मुभा नसेल. मला तर वाटतं, तुला मैत्रिणीचा नीट निरोप घेता आला नाही हे त्यांनाही सलत असावं. ते अंगणात गेले की दोन कप चहा घेऊन मागोमाग जा. सायकलीचा रंग कोणता होता, एवढंच विचार.