अ‍ॅडोबीच्या लाइटरूम या फोटो सुधारायच्या अ‍ॅपचं दरमहा भाडं परवडत नाही. रॉ (कॅमेऱ्यातून थेट आलेल्या, प्रक्रिया न केलेल्या) फोटोंसाठी नुसतं गिंप हे फोटो एडिटर पुरेल का?

नाही, सोबत डार्कटेबल हे रॉ फोटोंचं अ‍ॅप लागेल; दोन्ही फुकट आहेत. गिंपला कॅमेऱ्याची रॉ फाइल स्वतःहून उघडता येत नाही, ती टाकली की ते डार्कटेबल किंवा रॉथेरपी (तसंच दुसरं रॉ अ‍ॅप) शोधतं. म्हणून एक्सपोजर (उजेड), व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल), नॉइज (दाणेदारपणा) ही कामं डार्कटेबलमध्येच उरका. आकाशातली वायर पुसायची असेल तर गिंप. डार्कटेबलमध्ये मूळ रॉला धक्का लागत नाही, बदल शेजारच्या एक्सएमपी नावाच्या छोट्या फाइलमध्ये लिहिले जातात (फोटो दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेताना तीही न्या, नाहीतर मेहनत पाण्यात). फक्त कॅमेरा अगदी नवीन असेल तर त्याची रॉ डार्कटेबलमध्ये उघडेलच असं नाही. तेव्हा आधी अ‍ॅडोबीच्या मोफत डीएनजी कन्व्हर्टरमधून ती डीएनजी या रॉ प्रकारात बदलून बघा.