नवी फोर-बाय-फोर, खारा वारा आणि तांबडी माती : वाचकांचे प्रश्न

पाऊस तोंडावर आला की नव्या फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद देता येणाऱ्या, गाड्यांविषयीची पत्रे वाढतात. यंदा बहुतेकांनी गाडीवर काय काय चढवू ते विचारले आहे. गाडीच्या खाली काय चालले असते, हे विचारणारे थोडेच. त्यांची पत्रे आधी घेतो, कारण गोव्यात गाडी सडते ती खालून.

प्रश्न : आमचे घर केरीला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. नवी जिम्नी घेतली आहे. कामासाठी फेरीबोटीने तेरेखोलला नेहमी जाणे होते. शोरूमवाले गाडीखाली काळे रबर कोटिंग मारून घ्या म्हणतात. घ्यावे का? (एक शिक्षिका, पेडणे)

उत्तर : बाई, कोटिंगच्या आधी पाण्याचे बघा. फेरीच्या धक्क्यावर भरतीच्या वेळी उतारावर खारे पाणी असते आणि चाके त्यातूनच जातात. ते पाणी चासीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यावर, उडते, वाळते आणि मीठ मागे ठेवते. आठवड्यातून दोनदा तरी गाडी खालून गोड्या पाण्याने धुवा. किनाऱ्यालगतच्या विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते, त्याने धुतले तर केले ते फुकट. नळाचेच पाणी वापरा. जिम्नीची चासी शिडीसारखी, दोन पोकळ पट्ट्यांची असते. त्या पट्ट्यांच्या भोकांतून पाइप आत घालून माती बाहेर येईपर्यंत पाणी सोडा.

आता कोटिंग. जाड रबराचा थर ओल्या किंवा मळलेल्या पत्र्यावर बसला, तर ओल त्याच्या आत अडकते आणि गंज झाकलेल्या जागी वाढतो. दोन वर्षांनी पापुद्रा सुटला की दिसते, तोवर उशीर झालेला असतो. मी सुचवेन ते मेणाचे किंवा लॅनोलिनचे (लोकरीतल्या तेलकट मेणाचे) पातळ कोटिंग. ते पोकळ भागांत फवारता येते, भेगेत शिरते आणि दरवर्षी पुन्हा मारता येते. मे महिन्यात गाडी पूर्ण वाळलेली असताना मारून घ्या. पाणी निथळण्याची भोके, सायलेन्सर, ब्रेक आणि फिरणारे शाफ्ट यांवर थेंबही पडता कामा नये, हे समोर उभे राहून बघा.

एक विनंती. गाडीवर प्लॅस्टिकचे कव्हर घालू नका. खारी हवा त्याच्या आत घामासारखी साठते. चारी बाजूंनी मोकळी छपरी सगळ्यात चांगली.

प्रश्न : डिझेल थार फोर-बाय-फोर घेऊन तीन आठवडे झाले. घर ते कुळागर (सुपारीची बाग) चार किलोमीटर, दिवसातून दोन खेपा. एवढेच चालवणे. पहिल्या महिन्यात काय सांभाळावे? (एक बागायतदार, वाळपई)

उत्तर : तुमच्या गाडीला सर्वांत मोठा धोका चिखलाचा नाही, या चार किलोमीटरचा आहे. बीएस-६ (धुराच्या नव्या नियमांच्या) डिझेल गाडीच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ नावाचा फिल्टर असतो. इंजिन चांगले तापून धूर खूप गरम झाला की साठलेली काजळी जळून जाते. चार किलोमीटरमध्ये इंजिन धड तापतही नाही. फिल्टर भरत जातो, दिवा लागतो, आणि तरी दुर्लक्ष झाले तर गाडी ताकद सोडते. आठवड्यातून एकदा वाळपईहून फोंड्यापर्यंत जाऊन या. अर्धा तास एका लयीत, दोन हजारांच्या वर आरपीएम ठेवून. दिवा लागला असेल तर वाटेत इंजिन बंद करू नका.

पहिले हजार किलोमीटर वेग बदलता ठेवा, पूर्ण रेस देऊ नका, मागे ट्रॉली ओढू नका. चाक काढले असेल तर पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून घ्या.

फोर-एचविषयी, म्हणजे चारही चाके ओढणाऱ्या गिअरविषयी, तुम्ही विचारले नाही, पण सांगतो. तुमच्या गाडीत पुढच्या व मागच्या चाकांना वेगळ्या गतीने फिरू देणारा मधला डिफरेन्शियल नाही. वळणावर पुढची चाके जास्त अंतर कापतात. चिखलात ती घसरून ताण सोडतात, कोरड्या डांबरावर घसरत नाहीत आणि सगळा पीळ गिअरवर येतो. म्हणून डांबरी रस्त्यावर टू-एच, म्हणजे फक्त मागची चाके. मात्र कुळागराच्या कच्च्या वाटेवर महिन्यातून काही किलोमीटर फोर-एच जरूर लावा, म्हणजे पुढच्या भागात तेल फिरते. एअर फिल्टरही दर महिन्याला काढून बघा. तांबडी धूळ फार बारीक असते.

प्रश्न : आमच्या वाटेवर व्हाळ (ओढा) आहे. कंपनी म्हणते थार ६५० मिलिमीटर पाण्यातून जाते. स्नॉर्केल लावला तर त्याहून खोल जाता येईल ना? (सांगे)

उत्तर : नाही. स्नॉर्केल इंजिनाची हवा उंचावरून घेतो, एवढेच. दारातून आत येणारे पाणी, वायरिंग, गिअरबॉक्स यांना त्याचा उपयोग नाही. आणि ६५० मिलिमीटर हा आकडा साचलेल्या पाण्याचा समजा. वाहते पाणी गाडीला बाजूने ढकलते आणि दोन फूट वाहत्या पाण्यात मोठी गाडीही तरंगत वाहून जाऊ शकते. सांग्याच्या व्हाळांचे तुम्हीच जास्त जाणता. इथे ऊन असते, वर घाटात पाऊस पडतो आणि अर्ध्या तासात पाणी चढते. पाणी गढूळ होऊन त्यात पाने-काटक्या येऊ लागल्या की थांबा.

जायचेच असेल तर आधी काठी घेऊन पायी तळ तपासा. ओढ पाय टिकू देत नसेल किंवा पाणी गुडघ्यावर असेल तर गाडी घालू नका. लांबून आला असाल तर दहा मिनिटे थांबा. तापलेला अ‍ॅक्सल (चाके जोडणारा दांडा) गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढले जाते. मग फोर-एल (चारही चाके, पण हळू आणि जोरकस), पहिला गिअर, सावकाश, मध्ये क्लच न दाबता. गाडी पाण्यात बंद पडली तर चावी फिरवू नका, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. सिलिंडरमध्ये गेलेले पाणी दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन उघडावे लागते. बाहेर आल्यावर ब्रेक हलके दाबत थोडे अंतर चाला. दुसऱ्या दिवशी पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या डिफरेन्शियलचे तेल तपासा. चहासारखे दुधाळ दिसले तर लगेच बदला.

प्रश्न : बुलबार (पुढे लावायचा लोखंडी गज), छतावर एलईडी पट्टी आणि मोठे टायर एकदमच बसवणार आहे. क्रम काय ठेवू? (फोंडा)

उत्तर : बुलबार नकोच. केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितले आहे, आणि कारण खरे आहे. धक्का शोषायला बनवलेला पुढचा भाग तो निकामी करतो आणि पादचाऱ्याला मारतो. एलईडी पट्टी चोर्ला घाटाच्या वळणावर समोरच्याला आंधळे करते, तीही नको. शिवाय मूळ वायर कापून जोडलेले दिवे मला आगीच्या भीतीने झोपू देत नाहीत. टायर झिजल्यावर बदला, मूळ मापाचेच, ऑल-टेरेन (डांबर आणि कच्ची वाट दोन्हींचे). मड-टेरेन (खास चिखलाचे) ओल्या डांबरावर लांब घसरतात, आणि आपल्याकडे चार महिने डांबर ओलेच असते.

प्रश्न : गाडीत नेहमी काय असावे? (डिचोली)

उत्तर : हवा भरायचा पंप, प्रेशर गेज, पंक्चरचे सामान, फावडे, कोयता (पावसात आडवी पडलेली फांदी आपणच तोडावी लागते), जाड हातमोजे आणि जॅकखाली ठेवायला फळीचा तुकडा. यातल्या पहिल्या दोन वस्तूंनीच निम्मी कामे होतात. रुतलेल्या गाडीच्या टायरची हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवली की ती बरेचदा स्वतःच निघते. डांबरावर येण्याआधी हवा पुन्हा भरा.

दुसऱ्या गाडीने ओढायची वेळ आली तर ताणणारा कायनेटिक दोर आणि दोन शॅकल (दोर अडकवायच्या लोखंडी कड्या) हवेत. दोर चासीला बसवलेल्या हुकालाच अडकवायचा. काही वर्षांपूर्वी आमच्याच सोबतच्या एका जीपला कुणीतरी मागच्या टोइंगच्या (ट्रॉली जोडायच्या) गोळ्याला दोर बांधला. गोळा तुटला, दोराबरोबर उडाला आणि पुढच्या गाडीची मागची काच फोडून सीटमध्ये रुतला. त्या सीटवर बसलेला मुलगा दोन मिनिटांपूर्वी उतरला होता. तेव्हापासून दोर ताणण्याआधी मी प्रत्येक माणूस दोराच्या दीडपट लांब गेल्याचे मोजून बघतो आणि दोरावर ओले गोणपाट टाकतो.

प्रश्न : मोरजीच्या वाळूत किंवा दूधसागरला गाडी घालून बघता येईल का? (म्हापसा)

उत्तर : दोन्ही नाही. किनाऱ्यावर गाडी घालायला बंदी आहे, आणि मोरजीच्या वाळूत कासवे अंडी घालतात. दूधसागरची वाट अभयारण्यातून जाते. तिथे कुळ्याहून परवानाधारक जीपच जातात. चाचणीच घ्यायची तर ओळखीच्या बागायतदाराला विचारून त्याच्या कच्च्या वाटेवर घ्या, आणि पाटाचा बांध चाकाखाली येणार नाही एवढे बघा.